डिस्क रंगवायच्या आधी

दसऱ्याला गाडीला हार घालताना चाकांच्या डिस्क (टायर ज्यावर चढवतात ते लोखंडी चाक, ब्रेकची डिस्क नव्हे) चांगल्या दिसाव्यात असं सगळ्यांनाच वाटतं. पण कोल्हापुरात त्या दिवसांत पाऊस पुरता गेलेला नसतो, आणि दमट हवेत स्प्रेचा रंग पांढुरका पडतो. सलग दोन-तीन कोरडे दिवस मिळत असतील तरच काम काढा. मी फेब्रुवारी धरतो.

सामानाला लक्ष्मीपुरीची एक फेरी पुरते. तारेचा ब्रश, 80, 220 आणि 400 नंबरचे पॉलिश पेपर, 600 चा वॉटर पेपर, थिनर, मास्किंग टेप, लोखंडावर चालणारा प्रायमर, सिल्व्हर स्प्रे, वरून मारायला क्लिअर लॅकर. तोंडाला चांगला मास्क आणि हातमोजे विसरू नका. प्रायमर, रंग आणि लॅकर शक्यतो एकाच कंपनीचे घ्या, नाहीतर एकावर दुसरा मारताना रंग सुरकुततो. घरातून जुना पत्त्यांचा कॅट घ्या. पत्ते टायर आणि डिस्कच्या फटीत एकावर एक चढवून गोल खोचले की टायरवर थेंब उडत नाही. टेपने ती गोलाई इतकी नीट साधत नाही. व्हॉल्व्हला मात्र टेपच गुंडाळा.

सुरुवात स्टेपनीपासून करा. ती वाळली की एका चाकाच्या जागी बसवायची आणि ते चाक रंगायला घ्यायचं. गाडी जॅकवर ताटकळत राहत नाही. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, आणि तिरक्या समोरच्या चाकाला उटी (चाक घरंगळू नये म्हणून अडकण) लावल्याशिवाय जॅक चढवू नका.

चाक निघालं की आधी मागची बाजू बघा. 2019 आणि 2021 च्या पुरात जी वाहनं पाण्यात उभी होती, त्यांच्या डिस्कच्या आत गाळ घट्ट बसलेला असू शकतो. तो खरवडून धुवा. नटांच्या भोकांभोवती किंवा वेल्डिंगवर बारीक चीर दिसली, पत्रा गंजाने पातळ झाला असला, तर रंगाचा विचार सोडा. उद्यमनगरात जाणत्या माणसाला दाखवा, बहुधा डिस्क बदलावीच लागेल.

खरं काम घासण्याचं आहे, आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. तारेच्या ब्रशने गंजाचे पापुद्रे, मग 80 ने उघडं लोखंड, मग 220 ने जुन्या रंगाची कड अशी उतरवायची की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. शेवटी सगळीकडून 400. धूळ पुसून थिनरचं फडकं फिरवा आणि त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श करू नका. बोटांचं तेल रंग धरू देत नाही. डिस्कच्या कडेला बसवलेली बॅलन्सिंगची छोटी वजनं हलवू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. नट ज्या उतरत्या कडेवर बसतो ती कड, आणि डिस्क हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकते तो मागचा भाग, दोन्ही टेपने झाका. पहिल्या वेळी मी झाकले नव्हते. रंगाचा थर नटाखाली दबला आणि चार दिवसांत पान्हा लावला तर नट अर्धा वेढा फिरला. गाडीत घरची माणसं बसतात, इथे हयगय नको.

मग प्रायमर मारा, तो वाळला की 600 पाण्यातून हलकेच फिरवा. रंगाचे तीन-चार पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. जाड हात मारलात की ओघळ आलाच. लॅकरनंतर किमान एक दिवस चाकाला हात नाही. बसवताना नट समोरासमोरचे आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की पान्हा पुन्हा लावून बघा.