जुन्या इटालियन व्हिनियर फर्निचरची डागडुजी: या चुका टाळा

खण उपसून मागची साधी, पांढुरकी फळी बघायची आणि ‘आत हलकं लाकूड आहे, म्हणजे माल नकली’ असा निकाल द्यायचा, ही पहिली चूक. सनमायका बघत वाढलेल्या आपल्याला वर चिकटवलेलं ते स्वस्त वाटतं. अठराव्या शतकातल्या इटलीत नेमकं वरचंच महाग असे. सांगाडा पॉप्लर किंवा फरसारख्या साध्या लाकडाचा, त्यावर अक्रोड, ऑलिव्ह, रोजवूडचे पातळ पापुद्रे, म्हणजेच व्हिनियर. मिलानजवळच्या पाराब्यागोचा जुझेप्पे माज्जोलिनी (१७३८–१८१४) तर निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे जोडून खणांच्या कपाटांवर चक्क चित्रं उभी करायचा.

सगळ्यात जास्त नासधूस होते ती घासण्याने. हाताच्या करवतीने कापलेला जुना पापुद्रा दीड-दोन मिलिमीटर तरी भरतो. एकोणिसाव्या शतकात यंत्रं आली आणि तो एका मिलिमीटरच्याही खाली गेला. त्यावर सँडर फिरवला की कडेला खालची फळी डोकावलीच! ती चूक कुठलंही पॉलिश झाकत नाही. गरम कपाचा पांढरा डाग बहुतेक वेळा लाखेच्या पॉलिशमध्येच असतो, लाकडात नाही. त्यासाठी पॉलिश पेपर कशाला? स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका, लाख विरघळते. ओलं फडकंही नको. फटीतून पाणी शिरून पापुद्रा चिकटवणारा सरस फुगतो.

पापुद्रा सुटलाय का, हे नखाने टिचकी मारून कळतं. पोकळ आवाज येतो. तिथे फेव्हिकॉल भरायचा मोह आवरा. मूळ जोड जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या सरसाचा. तो ऊब आणि ओलाव्याने पुन्हा मऊ होतो, म्हणून पुढचा कारागीर जोड सोडवू शकतो. आधुनिक गोंद ती वाटच बंद करतो.

लांब सरळ चीर दिसली तर ती आतल्या फळ्यांच्या जोडावर पडली आहे का बघा. हीटरच्या कोरड्या हवेत फळ्या आकसतात. तेव्हा चिरेत पुट्टी दाबून बसवली, तर दमट दिवसांत फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही.

आणि प्रत्येक जडावकामाला माज्जोलिनीचं नाव लावू नका. त्याची नक्कल करणारे पुष्कळ होते, त्याच्या बऱ्याच वस्तूंवर सहीही नाही. त्याच्या कार्यशाळेची रेखाटनं मिलानच्या स्फोर्त्सेस्को किल्ल्यातल्या संग्रहात आहेत. विक्रेत्याने ते नाव घेतलं, तर नक्षी त्यातल्या कोणत्या रेखाटनाशी जुळते ते विचारा.