कथा लिहायचीय? आधी चावी कुणाकडे आहे ते ठरवा

मुंबईत राहून कथा लिहायची म्हटलं की आपण आधी विषय धरतो, लोकल, चाळ, गिरणी संप. पण "मला बीडीडी चाळीवर (ब्रिटिश काळातली कामगारांची चाळ) लिहायचंय" एवढ्यावर एक ओळसुद्धा पुढे सरकत नाही, माणूस लागतो आणि त्याची काहीतरी अडचण लागते.

असं धरा. वरळीच्या बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली, लग्न होऊन तिथंच आलेली आजी, चाळ पाडून नवी इमारत होणार म्हणून आज चार वाजेपर्यंत खोली रिकामी करून चावी द्यायचीय. आधी ट्रान्झिटचं तात्पुरतं घर, मग 500 चौरस फुटांचा फ्लॅट, मुलगा खूश, खाली टेम्पो उभा. आणि आजी म्हणते चावी सापडत नाहीये. झाली की सुरुवात!

आता वहीत तीनच गोष्टी लिहा, तिला काय हवंय, आड काय येतंय आणि शेवटी ती काय करते. मी तिसरी आधी ठरवतो, नाहीतर कथा अर्ध्यात भरकटते.

चावी तिच्या कमरेच्या पिशवीतच आहे. हे वाचकाला कधी सांगायचं? इथं खरंच वेळ द्या. शेवटी सांगितलं तर वाचक एकदा दचकतो आणि संपलं, पण पहिल्याच पानावर सांगून टाकलं तर मुलगा जितक्यांदा "आये, नीट बघ ना" म्हणेल तितक्यांदा वाचकाच्या पोटात कालवतं. मी तरी आधीच सांगेन.

वेळ दोन ते चार, बस. जुना काळ सांगायचा मोह होणारच, पण त्यासाठी वेगळा पॅरा नको. माळा आवरताना नवऱ्याचा डबा निघू दे, जानेवारी 1982 ला संप सुरू झाला त्यानंतर कधीच न भरलेला. तिनं तो नुसता पदरानं पुसला तरी पुरे.

संवाद मोठ्यानं वाचा. "या वास्तूत माझा जीव गुंतलाय" असं आजी बोलणार नाही हो, ती म्हणेल "अरे कुकर खाली नको ठेवू, चेपेल". शेवटी तिला रडवू पण नका, चावी देऊन झाल्यावर ती परत जाऊन कुलूप ओढून बघते, तिथंच कथा सोडा.

पहिला खर्डा एका बैठकीत लिहा, शुद्धलेखन नंतर. मग आठवडाभर हात लावू नका आणि परत उघडलं की पहिला पॅरा काढून बघा, तो बहुतेक वेळा हात मोकळा करायला लिहिलेला असतो. दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर शब्दमर्यादा आधी बघून घ्या, आणि पावसाळ्यातच पाठवा, गणपतीनंतर फार उशीर होतो.