पापलेट म्हणून रूपचंद घेऊ नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे समुद्राचा मासा गोवा-कारवारहून घाट चढून येतो, म्हणून पापलेट महागच असतं. ते कुणी फारच स्वस्तात 'गोड्या पाण्यातलं पापलेट' म्हणून देऊ लागलं, तर तो बहुतेक रूपचंद असतो. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा मासा, आपल्याकडे आंध्र आणि बंगालच्या तळ्यांत वाढवतात. खायला वाईट नाही, पण पापलेटच्या नावानं आणि भावानं विकणं ही सरळ फसवणूक आहे.

कापायच्या आधी मासा अख्खा बघा. रूपचंदच्या तोंडात माणसासारखे चपटे दात दिसतात. पापलेटचं तोंड बारीक, दात नजरेत भरतच नाहीत. रूपचंदच्या पोटाखाली परांची जोडी असते, पापलेटला ती नसते. पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर दिसला तर तो नक्कीच पापलेट नव्हे. लहान रूपचंदचं पोट लालसर असतं, पण मोठ्याचा रंग फिका पडतो, तेव्हा रंगावर जाऊ नका. तुकडे करून ठेवलेलं 'पापलेट' तर घेऊच नये.

हॉटेलात नुसतं 'फिश फिंगर' लिहिलेलं असेल तर कुठला मासा ते विचारा. बऱ्याचदा बासा निघतो, तोही गोड्या पाण्यातलाच. 'क्रॅब स्टिक'मध्येही बहुधा खेकडा नसतो किंवा नावापुरता असतो. तो पांढऱ्या माशाचा लगदा, त्यात अनेकदा अंड्याचा पांढरा बलक घातलेला. घरात कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल तर पाकिटामागची घटकांची यादी वाचल्याशिवाय ते ताटात वाढू नका.