बासची घरघर अशी घालवली

दिवसा नोकरी, शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रात बास गिटार. प्रीअँप (गिटारचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा) मी ठाण्यात वर्तकनगरला घरीच सोल्डर करून बनवलाय. घरी आवाज एकदम स्वच्छ, पण ठाण्यातल्या एका हॉलमध्ये मिक्सरला जोडला की घरघर सुरू. आपली वीज ५० हर्ट्‌झची आणि ई तारेचा तिसरा पडदा ४९ हर्ट्‌झ, म्हणजे बोंबही जवळजवळ सुरातच!

आधी तारांना हात लावून पाहिला. घरघर कमी झाली असती तर गिटारच्या शिल्डिंगवर संशय घेतला असता. काही फरक नाही. प्रीअँपचा तीन पिनांचा सप्लाय काढून बॅटरी लावली, तर गप्प. म्हणजे ग्राउंड लूप: अर्थ एकदा सॉकेटमधून, एकदा केबलच्या जाळीतून, अशा दोन वाटांचं वेटोळं होतं आणि त्यातून विजेची घरघर आवाजात शिरते.

साउंडवाले काका म्हणाले, "अर्थची पिन काढून टाक रे, सगळे तेच करतात." हे अजिबात करू नका. सप्लाय बिघडला तर करंट थेट गिटारच्या तारांवर येईल.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ६०० ओहमचा, एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर (आवाज पुढे देतो, पण दोन बाजू तारेने जोडत नाही) आणला, प्रीअँपच्या आउटपुटला बसवला आणि एक्सएलआरच्या (मिक्सरकडे जाणाऱ्या तीन पिनांच्या कनेक्टरच्या) पिन १ ला, म्हणजे केबलच्या जाळीला, तोडणारा स्विच दिला. घरघर गेली. ट्रान्सफॉर्मर मात्र चिमुकला घेऊ नका; लहान गाभ्यात ४१ हर्ट्‌झचा खालचा ई फाटतो. माझा जरा जाडजूडच आहे, त्यापायी डबा नवा करावा लागला.