स्कायडायव्हिंग शिकताय? विमानाच्या दाराला घाबरा, पण या चुका टाळा

कोर्सला निघालेला प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो: "पॅराशूट उघडलंच नाही तर?" मीही विचारला होता. आणि माझा घोटा मोडला तेव्हा डोक्यावर पॅराशूट होतं. पूर्ण उघडलेलं, चौकोनी, एक दोरी इकडची तिकडे नाही. जमीन राहिली होती जेमतेम दीडशे फूट.

मी इन्स्ट्रक्टर नाही. कोथरूडचा नोकरदार माणूस, रजा साठवून परदेशात कोर्स केला. आता ओळखीतली पोरं शिकायला निघाली की रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्यांचा सराव घेतो. सतरंजीवर पालथं पडायचं, छाती-गुडघे उचलून कमान करायची, आणि मी विचारेन ते पॅराशूटचं हँडल कुठे असतं, ते न बघता सांगायचं. वॉचमनकाकांना अजून वाटतं आमचा योगाचा क्लास आहे. खाली दिलेले आकडे बहुतेक यूएसपीए या अमेरिकी संघटनेच्या विद्यार्थ्यांसाठीच्या नियमांतले. तुमच्या इन्स्ट्रक्टरने वेगळा आकडा सांगितला असेल तर त्याचाच धरा.

उंची फुटांत मोजणं

फूट म्हणजे सेकंद, हे डोक्यात बसत नाही तोवर बाकीचं सगळं पाठांतर फुकट. पोटावर स्थिर पडताना वेग ताशी १९० ते २०० किलोमीटर असतो. त्या वेगाने १००० फूट साधारण साडेपाच सेकंदांत संपतात. विद्यार्थ्याला बहुधा ५५०० फुटांवर पॅराशूट उघडायला सांगतात, आणि "हे पॅराशूट चालणार की सोडायचं" हा निर्णय २५०० फुटांपर्यंत झालेला लागतो. मधे ३००० फूट. ऐकायला भरपूर वाटतात. वेळेवर उघडायला घेतलं नाही, तर ते सतरा सेकंदांत संपतात.

कर्वे रोडच्या सिग्नलला लाल आकडा सतरावर आला की आपण गाडी सुरू करून क्लच दाबतो, तेवढीच ही वेळ. मी पोरांना खरंच सिग्नलवर हा सराव करायला सांगतो. आकडा सतरावर आला की मनात सुरू करा: हँडल शोधलं, नाही सापडलं, पुन्हा शोधलं, नाही सापडलं, रिझर्व, म्हणजे राखीव पॅराशूट. पहिल्या खेपेला बहुतेकांचा सिग्नल हिरवा होतो आणि ते अजून पहिलंच हँडल शोधत असतात.

इथली खरी चूक म्हणजे तिसऱ्यांदा शोधणं. दोनदा हात मागे नेऊन हँडल हाताला लागलं नाही तर विषय संपला, रिझर्व ओढा. हात मागे गेला की मान वळते, मान वळली की शरीर वळतं, आणि गरगरत असताना उंची दाखवणारा अल्टीमीटर कोण बघतो? स्थिर राहण्यापेक्षा उंचीवर उघडणं मोठं. वेडंवाकडं पडत असलात तरी उंची आली की ओढायचं.

"डबी आहे ना"

रिझर्वच्या पाकिटात एक छोटं यंत्र असतं, एएडी. तुम्ही काहीच केलं नाहीत तर ते ठरावीक उंचीला रिझर्व आपोआप उघडतं. पोरं त्याला डबी म्हणतात आणि तिच्यावर घरच्या कुलदैवताएवढी श्रद्धा ठेवतात. ती डबी जागी होते ७५० ते १००० फुटांच्या आसपास, म्हणजे जमीन चार-पाच सेकंदांवर आलेली असताना. ती शेवटचा उपाय आहे.

दुसरी गोष्ट कमी जणांना माहीत असते. विद्यार्थ्यांसाठीच्या मॉडेलमध्ये वेगाची मर्यादा मुद्दाम कमी ठेवलेली असते. सायप्रस नावाच्या एएडीच्या स्टुडंट मॉडेलला सेकंदाला १३ मीटर वेगही पुरतो. म्हणजे चांगल्या पॅराशूटखाली खालच्या उंचीवर मजेत गोल-गोल घिरट्या घेतल्यात, तरी ती डबी "हा पडतोय" असं समजून रिझर्व बाहेर काढू शकते. मग डोक्यावर दोन पॅराशूट, आणि कोणतं ठेवायचं हा प्रश्न तुमच्यापुढे. खाली आल्यावर घिरट्या नकोत.

पट्टा दुसऱ्याने बघितलाय म्हणून

घराबाहेर पडताना गॅस बंद केला का हे आपण तीनदा बघतो. इथेही हिशोब तीनाचाच आहे. मुख्य पॅराशूट अंगावरच्या पट्ट्यांना जोडणारी तीन कड्यांची जोडणी दोन्ही खांद्यांवर नीट बसली आहे का. तीन पट्टे, एक छातीचा आणि दोन मांड्यांचे, बरोबर ओवलेत का. तीन हँडल, मुख्य, कटअवे (बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून द्यायचं) आणि रिझर्व, जागेवर आहेत का. अंगावर चढवायच्या आधी, चढवल्यावर, विमानात बसायच्या आधी आणि दार उघडायच्या आधी, अशी चार वेळा तपासणी.

छातीचा पट्टा नुसता खोचलेला दिसला म्हणून फसू नका. बकलातून उलटा ओवलेला पट्टाही घट्टच दिसतो, ताण आला की सरकतो. ओढून बघा. आणि दार उघडं असताना हँडलांवर हात झाकून ठेवा. कशाला अडकून पॅराशूट आत सुटलं आणि दाराबाहेर गेलं, तर तुम्हालाच नाही, विमानाच्या शेपटीलाही धोका.

उघडलं, पण तिरकं

दोऱ्यांना पीळ पडला, टोकाचे कप्पे मिटलेले राहिले, स्लायडर (दोऱ्यांवरून खाली सरकणारा कापडाचा तुकडा) वरच अडकला. हे सगळं होत असतं आणि बहुतेक वेळा सुटतं. पीळ असेल तर रायझर (खांद्यापासून दोऱ्यांकडे जाणारे पट्टे) फाकवून पाय मारत उलटं फिरायचं. कप्पे किंवा स्लायडर असेल तर दोन्ही टॉगल (पॅराशूट वळवायच्या दोऱ्यांच्या मुठी) खाली ओढून धरायचे, सोडायचे, पुन्हा ओढायचे. चूक होते ती वर बघत राहण्यात. पीळ सोडवणं हे हेडफोनची वायर सोडवण्यासारखं असतं, माणूस रमतो. एकदा प्रयत्न केला की अल्टीमीटर, पुन्हा प्रयत्न केला की अल्टीमीटर. पॅराशूट चौकोनी आहे का, स्थिर आहे का, वळतं आणि फ्लेअर होतं का, म्हणजे दोन्ही टॉगल ओढल्यावर वेग मंदावतो का. यातल्या एकाचं जरी उत्तर २५०० फुटांपर्यंत "नाही" असेल तर आधी कटअवे, मग रिझर्व. १००० फुटांखाली मात्र कटअवे करायचं नाही, तिथे थेट रिझर्व ओढायचं. हा क्रम जमिनीवर टांगलेल्या हार्नेसमध्ये शंभर वेळा करा. वर जाऊन आठवायचा प्रकार नाही.

माझा घोटा

आता मुद्द्याचं. ज्याला आपण घाबरतो ते दार असतं १०-१३ हजार फुटांवर. तिथे इन्स्ट्रक्टर बाजूला असतो. मोडतोड होते ती शेवटच्या तीनशे फुटांत, जेव्हा आपल्याला वाटत असतं की आता झालं.

माझी अकरावी उडी. १००० फुटांवर वाऱ्याबरोबर जायचं, ६०० ला आडवं वळायचं, ३०० ला वाऱ्याकडे तोंड करून सरळ उतरायचं, हा ठरलेला आराखडा. मी खालच्या मंडळींना हात करण्यात दुसरं, ६०० फुटांवरचं वळण चुकवलं. दीडशे फुटांवर लक्षात आलं की वारा पाठीमागून आहे आणि जमीन भलत्याच वेगाने पुढे सरकतेय. डावं टॉगल खसकन कमरेपर्यंत ओढलं. कानात इन्स्ट्रक्टर ओरडत होता, "सोड, सोड, सरळ ठेव!" वळताना पॅराशूट तिरकं होऊन गोता खातं, हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. सोडलं, पण उशिरा.

सहा आठवडे प्लास्टर आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आई रोज तिसऱ्या मजल्यावर डबा आणून द्यायची आणि प्रत्येक वेळी एक वाक्य बोलायची. ते इथे लिहीत नाही.

तेव्हा करायला काय हवं होतं? काहीच नाही. वाऱ्याबरोबर सरळ उतरायचं, पॅराशूट डोक्यावर समतल ठेवायचं, साधारण १०-१२ फुटांवर फ्लेअर करायचं, पाय जुळवून लोळण घ्यायची. गुडघे खरचटले असते, पँट फाटली असती. क्रम असा: आधी पॅराशूट समतल, मग मोकळी जागा, मग निदान अर्धा तरी फ्लेअर. वाऱ्याची दिशा या तिन्हीनंतर.

आपल्याकडच्या माणसाने आणखी एक ध्यानात ठेवावं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. किनाऱ्याजवळच्या ड्रॉपझोनला (उड्या मारायच्या जागेला) शिकून इथल्या पठारावर, त्यातही मे महिन्याच्या उन्हात उतरलात, तर हवा विरळ असल्याने तेच पॅराशूट जरा जास्त वेगाने जमिनीला येतं. अल्टीमीटरही जिथे उतरायचं त्या जमिनीवर शून्य करायचा असतो. आणि मैदान चुकलं तर उसात उतरणं परवडतं, पाय जुळवून ठेवायचे. विजेच्या तारा दिसल्या तर त्यांच्याकडे टक लावून बघू नका. जिथे बघाल तिथे जाल. मोकळ्या जागेकडे बघा.

किरकोळ वाटणाऱ्या, पण नसणाऱ्या

सर्दी लपवून वर जाऊ नका. दोन मिनिटांत हजारो फूट खाली येताना बंद कान भयंकर दुखतो. झोप आणणारी ॲलर्जीची गोळी घेतली असेल तर तो दिवस जमिनीवर. खांदा कधी निखळला असेल तर फॉर्मवर लिहा. वर तो पुन्हा निखळला तर हँडल ओढणार कुठल्या हाताने? तारकर्लीला स्कूबा करून आला असाल तर पूर्ण एक दिवस जाऊ द्या. उपाशीपोटी जाऊ नका, आणि मिसळ खाऊनही नको.

वारा ताशी २२ किलोमीटरच्या वर असेल तर विद्यार्थ्याने थांबायचं. रजा संपतेय, पैसे भरलेत, ही कारणं वाऱ्याला कळत नाहीत.

गोप्रो कॅमेरा २०० उड्यांनंतर. स्कायडायव्हर शीतल महाजनांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा त्यांच्यामागे शेकडो उड्या होत्या. तो व्हिडिओ दाखवून "मग मी फेटा का नको" असं विचारणारा एक जण गच्चीवर आलाच होता.

मोठा खाडा मात्र आपल्या पावसाचा. मेमध्ये आठ उड्या करून पोरं गप्प बसतात, थेट नोव्हेंबरला "आता नववी" म्हणून जातात. तीस दिवसांचा खंड पडला की विद्यार्थ्याने इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली पुन्हा एक उडी करायची असते. तिथे कमीपणा मानू नका. हाताला हँडलची जागा विसरायला महिना पुरतो.

शेवटचं, लॉगबुक. "मस्त उडी, मजा आली" लिहून सही घेऊ नका. कितीला उघडलं, कितीला कुठलं वळण घेतलं, वारा कुठून होता, उतरताना पाय जुळलेले होते का, हे त्याच दिवशी लिहा. माझ्या अकराव्या पानावर बाकी सगळं आहे. "दुसरं वळण, उंची" या रकान्यात फक्त प्रश्नचिन्ह आहे, कारण मी बघितलंच नव्हतं.