कोरियात आल्यावर आधी 'म्हणून' नीट शिका

दॅजॉनच्या लॅबमध्ये पीएचडीला आलात किंवा सुवॉनला नोकरीला लागलात, तरी हंगुल लिपी लवकर हाताखाली येते. आपली मंडळी अडतात ती कारण सांगताना. उशीर का झाला, रिपोर्ट का राहिला, सुट्टी कशाला हवी, हे इथे रोज सांगावं लागतं. मराठीत एका 'म्हणून'वर सगळं भागतं, कोरियनमध्ये नाही. (कोरियन शब्द कानाला येतात तसे लिहिलेत, उच्चार इथल्या माणसांकडून पक्के करून घ्या.)

सुरुवात क्रियापदाला लागणाऱ्या 'आसॉ/ऑसॉ' या प्रत्ययापासून करा. मराठी माणसाला हे सोपं जातं, कारण आपलं 'भेटून आनंद झाला' आणि त्यांचं 'मान्नासॉ पान्गाप्सुम्निदा' यांची घडण एकच आहे. आपल्या 'ऊन'ला जसा काळ लागत नाही, तसाच 'आसॉ'लाही लागत नाही. पाऊस काल पडलेला असला तरी 'पीगा वासॉ'च. माफी आणि आभारही याच रूपात: 'नुजॉसॉ च्वेसोंगहाम्निदा', उशीर झाला, माफ करा. हे वाक्य पहिल्याच दिवशी तोंडपाठ करा.

दुसरं रूप 'निक्का'. पुढे आज्ञा, विनंती किंवा 'चला' असेल तर हेच लागतं, तिथे 'आसॉ' चालत नाही. 'पीगा ओनिक्का उसान काजॉगासेयो', पाऊस पडतोय, छत्री घेऊन जा. मात्र स्वतःच्या चुकीचं कारण देताना 'निक्का' टाळा. प्रोफेसरांना 'चागा माख्यॉसॉ नुजॉस्सॉयो' म्हटलंत, तर ट्रॅफिकमुळे उशीर झाला एवढंच ऐकू जातं. तिथेच 'माखिनिक्का' म्हटलंत, की 'ट्रॅफिक होतं ना, मग उशीर होणारच' असा सूर लागतो. शब्द बरोबर असूनही समोरच्याचा चेहरा बदलतो. वरिष्ठांचा मान इथे क्रियापदाच्या शेपटातून कळतो, म्हणून मी यावर एवढा जोर देते.

नामाला आपण सरसकट 'मुळे' लावतो. कोरियनमध्ये चांगल्यासाठी 'तॉक्पुने' आहे आणि साध्या किंवा वाईट कारणासाठी 'त्तेमुने'. पदवी मिळाल्यावर गाईडना 'ग्योसुनिम (प्रोफेसर) तॉक्पुने' म्हणायचं. तिथे 'त्तेमुने' म्हटलं तर तक्रार केल्यासारखं वाटतं.

आता आपला खास खड्डा. 'व्हिसाची मुदत वाढवायची म्हणून आलो' हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे, पण त्यातला 'म्हणून' कारणाचा नाही, हेतूचा आहे. इमिग्रेशन ऑफिसच्या खिडकीवर इथे 'आसॉ' नको, 'रयॉगो' हवं: 'पिजा यॉन्जांगहारयॉगो वास्सॉयो'. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना 90 दिवसांच्या आत परदेशी नोंदणी करावी लागते, त्यामुळे या खिडकीशी तुमची गाठ लवकरच पडेल.

पुढच्या पायरीवर दोन रूपं भेटतात आणि ती आपल्याला छान उमगतात. 'नुरागो' म्हणजे जवळजवळ आपलं 'च्या नादात'. फोनच्या नादात भाजी करपली, तर 'चॉन्ह्वाहानुरागो'. फोनवर बोलणारा आणि भाजी करपवणारा माणूस एकच हवा, आणि परिणाम बहुतेक वेळा नुकसानीचाच असतो. 'नुन बारामे' अचानक ओढवलेल्या गोष्टीसाठी: 'पॉसुरल नोछिनुन बारामे', बस चुकली आणि सगळंच बिघडलं.

टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या पातळीसाठी, निबंध लिहावा लागतो. तिथे 'वेन्याहाम्यॉन' म्हणजे 'कारण' असं लिहून वाक्य सुरू केलंत, तर शेवट 'त्तेमुनीदा'ने करा. आपण 'कारण' लिहून पुढे साधं क्रियापद ठेवतो आणि मराठीत ते शोभतं. कोरियन परीक्षकाला मात्र ते वाक्य अर्धवट वाटतं.