ईएन २४ स्टीलचा शाफ्ट हार्डनिंगला (तापवून कडक करायला) देताना काय सांगायचं

ठाण्याची वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतली रबाळे एमआयडीसी, बरेच जण चलानवर (मालासोबतच्या कागदावर) नुसतं "हार्डनिंग करा" लिहून जॉब टाकतात, असं अजिबात करू नका.

ईएन २४ साधारण ८२० ते ८५० डिग्रीला तापवतात, दर २५ मिमी जाडीला अंदाजे एक तास धरून उष्णता आतपर्यंत मुरू देतात आणि मग तेलात बुडवतात, पाण्यात नाही, पाण्यात क्रॅक जायची भीती. तेलातून निघालेला पीस एकदम कडक पण काचेसारखा ठिसूळ असतो, म्हणून हाताला कोमट लागला की लगेच टेम्परिंगच्या (ठिसूळपणा घालवायला पुन्हा कमी तापमानाला तापवायच्या) भट्टीत गेला पाहिजे, उद्यावर ढकललं तर रात्रीतच तडा जाऊ शकतो.

खरा निर्णय टेम्परिंगचा. २०० डिग्रीला कडकपणा आणि स्ट्रेंथ भरपूर राहते पण झटका सोसत नाही. ५५० ते ६५० ला स्ट्रेंथ उतरते आणि टफनेस (झटका सोसायची ताकद) मस्त वाढतो, गिअरबॉक्सच्या शाफ्टला मला हेच पटतं. मधला २५० ते ४०० चा पट्टा मात्र टाळाच टाळा, तिथे कडकपणा पण उतरतो आणि टफनेस पण घसरतो, आणि हे हार्डनेस टेस्टरवर कळत नाही, त्याला चार्पी टेस्टच (खाच पाडलेला नमुना हातोड्याच्या एका फटक्यात तोडून बघायची) लागते.

चलानवर ग्रेड, हवा तो एचआरसी (रॉकवेल सी मापातला कडकपणा) आणि ग्राइंडिंगला किती मटेरियल ठेवलंय ते लिहा. शाफ्ट लांब असेल तर भट्टीत उभा टांगायला सांगा, आडवा ठेवला तर वाकतो.